खाती परत आली, ग्रुप मात्र रिकामे: डिलीट झालेला ओयू आणि हरवलेल्या लिंक

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना, ते कळेल. शुक्रवारी संध्याकाळी जुनी कॉम्प्युटर खाती साफ करताना अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतला अख्खा ओयू, म्हणजे खाती ठेवायचा कप्पा, उडाला. त्यात 86 यूजर आणि तीसेक कॉम्प्युटर होते. एकच डोमेन, दोन डोमेन कंट्रोलर (डीसी, म्हणजे डिरेक्टरीची प्रत सांभाळणारे सर्व्हर), दोन्हींवर विंडोज सर्व्हर 2016, दोन्ही एकाच ऑफिसात. डिलीट झालेली खाती जपून ठेवणारा डिरेक्टरीचा रीसायकल बिन कधी चालू केलेला नव्हता. तुम्ही ओयू त्याच नावाने नवा बनवला, एडीरिस्टोअर हे टूल वापरून यूजर परत आणले, सगळ्यांना नवे पासवर्ड दिले. लोक लॉगिन करताहेत, पण शेअर्ड फोल्डर उघडत नाहीत आणि ग्रुप उघडून पाहिले तर आत कोणी नाही. आता तुम्ही विचारताय की रीसायकल बिन चालू केला तर मेंबरशिप परत येईल का, की गेल्या रविवारचा सिस्टिम स्टेट बॅकअप (डिरेक्टरीसकट घेतलेली प्रत) टाकून ऑथोरिटेटिव्ह रिस्टोअर करू, म्हणजे ती जुनी प्रतच खरी मानायला लावू?

रीसायकल बिनला आज हात लावू नका. ऑथोरिटेटिव्ह रिस्टोअरने काम होईल, पण तुमच्या आकाराच्या डोमेनला त्याची गरज नाही. रविवारच्या बॅकअपमधून डेटाबेसची प्रत बाजूला काढा, ती फक्त वाचा आणि कोण कोणत्या ग्रुपमध्ये होतं ते चालू डिरेक्टरीत पुन्हा लिहा. मी हेच केलं असतं.

आता कारण. यूजर हे एक ऑब्जेक्ट आहे आणि त्याची मेंबरशिप ही दुसरीच वस्तू आहे. यूजरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मेंबर ऑफ' टॅब दिसतो, म्हणून आपल्याला वाटतं की ती यादी यूजरकडे आहे. ती तिथे नसते. गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीच्या वहीसारखं समजा. नाव मंडळाच्या वहीत असतं, तुमच्या खिशात नाही. तुम्ही कुठल्या मंडळांचे सभासद, हे कोणी विचारलं तर गल्लीतल्या सगळ्या वह्या चाळून सांगावं लागतं. डिरेक्टरीत ग्रुपवरचं 'मेंबर' हे अ‍ॅट्रिब्यूट ही वही, आणि 'मेंबर ऑफ' म्हणजे वह्या चाळून काढलेलं उत्तर. स्कीमामध्ये, म्हणजे डिरेक्टरीच्या आराखड्यात, अशा जोड्यांना लिंक आयडी असतो. पुढच्या बाजूचा आकडा सम, मागच्या बाजूचा त्यापुढचा विषम. मॅनेजर आणि डायरेक्ट रिपोर्ट्स ही जोडीही अशीच.

यूजर डिलीट झाला की प्रत्येक डोमेन कंट्रोलर आपल्याकडच्या सगळ्या वह्यांतून त्याचं नाव स्वतःच खोडतो. हे खोडणं रेप्लिकेट होत नाही, म्हणजे एका डीसीकडून दुसऱ्याकडे जात नाही, जो तो आपापल्या घरी करतो. म्हणून ग्रुपच्या मेटाडेटात त्याचा मागमूसही राहत नाही, आणि रिकामा ग्रुप बघून नवखा माणूस चक्रावतो की बदल झाला असेल तर व्हर्जन का वाढला नाही. यूजरचं स्वतःचं टूमस्टोन, म्हणजे डिलीटची खूण असलेला अवशेष, होतं. त्यात एसआयडी (परवानग्या ज्यावर चालतात तो ओळखक्रमांक), जीयूआयडी (ऑब्जेक्टचा कायमचा क्रमांक), लॉगिनचं नाव अशा थोड्या गोष्टी शिल्लक राहतात. पासवर्ड, डिपार्टमेंट, होम फोल्डर, लॉगॉन स्क्रिप्ट, ईमेल हे सगळं पुसलं जातं. एडीरिस्टोअरने तुम्ही उठवलात तो हा सांगाडा. एसआयडी जुनाच आहे, हा तुमचा मोठा फायदा. फोल्डरवर कुणाला थेट परवानगी दिली असेल तर ती चालेल आणि पीसीवरचं जुनं प्रोफाइलही उघडेल. पण वह्यांना तो परत आल्याचं माहीत नाही.

स्कीमामध्ये एखाद्या अ‍ॅट्रिब्यूटच्या सर्च फ्लॅगमध्ये 8 हा आकडा मिळवला की ते टूमस्टोनमध्येही टिकतं. डिपार्टमेंट वगैरेंसाठी काही जण हे करून ठेवतात. लिंक असलेल्या अ‍ॅट्रिब्यूटना ही सोय लागू होत नाही. म्हणजे बिन बंद असताना मेंबरशिप टूमस्टोनमधून परत येणं शक्यच नाही, मग कुठलंही टूल घ्या.

मग रीसायकल बिन का नको? सर्व्हर 2008 आर2 पासून आलेली ही सोय उत्तम आहे. फॉरेस्ट, म्हणजे सगळी डोमेन मिळून बनलेली रचना, त्या लेव्हलला असलं की चालू करता येते. डिलीट झालेलं ऑब्जेक्ट सगळ्या अ‍ॅट्रिब्यूट्ससकट ठेवलं जातं, लिंक फक्त निष्क्रिय होतात आणि दोन्ही टोकं जिवंत झाली की पुन्हा जागच्या जागी बसतात. पण हे सगळं बिन चालू केल्यानंतर डिलीट झालेल्या ऑब्जेक्टसाठी. चालू करण्याच्या क्षणी जी टूमस्टोन पडलेली असतात ती 'रीसायकल्ड' समजली जातात आणि मग त्यांना उठवता येत नाही. तुमचे तीस कॉम्प्युटर अजून टूमस्टोन अवस्थेत आहेत. आज बिन चालू केलात तर यूजरची मेंबरशिप येणार नाहीच, वर कॉम्प्युटरही हातचे जातील. शिवाय बिन एकदा चालू केला की बंद करता येत नाही. आगीतून फुफाट्यात जायचा हा राजमार्ग आहे, आणि मी अनुभवी लोकांना त्यावरून जाताना पाहिलंय.

व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट मागे फिरवायचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईल. तोही नको. दुसरा डीसी जिवंत असताना एक डीसी मागे नेला, तर तो शेजाऱ्याकडून तेच डिलीशन पुन्हा घेतो, ये रे माझ्या मागल्या. आणि जुन्या हायपरव्हायझरवर, जिथे जनरेशन आयडीची (स्नॅपशॉट मागे फिरवल्याचं डीसीला कळवणारी) सोय नाही, यूएसएन रोलबॅक (बदलांचे क्रमांक मागे जाणं) होऊन दोन्ही डीसींचं आपसातलं बोलणंच बिघडतं.

ऑथोरिटेटिव्ह रिस्टोअरबद्दल सविस्तर सांगतो, कारण तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन येणाऱ्या दुसऱ्या कुणाला तोच लागेल. डीसी डीएसआरएममध्ये (डिरेक्टरी दुरुस्तीच्या मोडमध्ये) चालू करायचा, बॅकअप टाकायचा आणि रीस्टार्ट होऊ न देता एनटीडीएसयूटिल या टूलमध्ये त्या ओयूला ऑथोरिटेटिव्ह म्हणून खूण करायची. खूण म्हणजे काय, तर व्हर्जन नंबर एकदम फुगवणं, बॅकअपच्या वयाच्या दर दिवसाला 1,00,000. शेजारचा डीसी आपल्याकडच्या डिलीशनचा नंबर आणि हा नंबर बघतो आणि नमतं घेतो.

इथेच मी एकदा हात पोळून घेतलेत. 2007 च्या सुमारास भोसरीतल्या एका कारखान्यात सर्व्हर 2003 होता, तीन डीसी. तिथेही ओयू उडाला. रात्री मी यूजर आणि ग्रुप दोन्ही एकाच झटक्यात ऑथोरिटेटिव्ह केले, खाती दिसली, घरी गेलो. सकाळी फोन: स्टोअर्सच्या अर्ध्या लोकांना फोल्डर उघडतो, अर्ध्यांना नाही. एका डीसीवर त्या ग्रुपमध्ये 41 जण होते, दुसऱ्यावर 17. रेप्लिकेशनमध्ये एरर एकही नाही. दिवसभर डीएनएस तपासण्यात घालवला. संध्याकाळी रेपअ‍ॅडमिनच्या 'शोऑब्जमेटा'ने त्या ग्रुपचा मेटाडेटा काढला, तेव्हा खालच्या यादीत प्रत्येक नावापुढे 'लेगसी' असं लिहिलेलं दिसलं. म्हणजे त्या मेंबरशिप सर्व्हर 2000 च्या काळातल्या होत्या, अख्खी यादी एका गठ्ठ्यात जायची. गठ्ठा दुसऱ्या डीसीवर पोचला तेव्हा काही यूजर तिथे अजून मेलेलेच होते. मेलेल्याचं नाव वहीत ठेवायचं नाही, हा नियम, म्हणून त्याने ती नावं गाळली. थोड्या वेळाने यूजर आले, पण गठ्ठ्याचा व्हर्जन नंबर दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे कोणी कोणाला दुरुस्त करायला जाईना.

2003 फॉरेस्ट लेव्हलपासून प्रत्येक मेंबरची नोंद स्वतंत्र रेप्लिकेट होते. 'शोऑब्जमेटा'त अशा नोंदीपुढे 'प्रेझेंट' किंवा 'अ‍ॅब्सेंट' दिसतं. सर्व्हिस पॅक 1 नंतरचं एनटीडीएसयूटिल ऑथोरिटेटिव्ह खूण करताना लिंकच्या एलडीएफ फाइलीही (डिरेक्टरीतले बदल लिहिलेल्या टेक्स्ट फाइली) बनवून देतं, नाव 'एआर' आणि तारखेने सुरू होतं. आधी यूजर सगळीकडे पोचू द्यायचे, रेप्लिकेशन पूर्ण झाल्याची खात्री करायची आणि मगच ती फाइल चालवायची. मी ती नेहमी चालवतो, गरज वाटो न वाटो. आधीच असलेली नोंद पुन्हा घातली तर फक्त 'आधीच आहे' एवढीच तक्रार येते. एकापेक्षा जास्त डोमेन असतील तर दुसऱ्या डोमेनच्या लोकल ग्रुपमधल्या मेंबरशिप तुमच्या डीसीच्या बॅकअपमध्ये नसतात. सोबत बनलेली टेक्स्ट फाइल तिकडे नेऊन त्या डोमेनमधल्या बॅकअपवरून वेगळी एलडीएफ बनवावी लागते. तुमचं डोमेन एकच आहे, हे सुख समजा.

मग तुमच्यासाठी हा मार्ग का नको? रविवार ते शुक्रवारच्या मधले बदल जातील. रविवारच्या बॅकअपमधल्या यूजरना जुने पासवर्ड परत येतील, तुम्ही शनिवारी वाटलेले सगळे नवे पासवर्ड मरतील आणि सोमवारी पुन्हा रांग लागेल. 86 यूजरसाठी एवढा खटाटोप मला जड वाटतो. तीन हजार यूजर असते आणि अजून काहीच उठवलं नसतं, तर मी बेलाशक ऑथोरिटेटिव्ह रिस्टोअर केलं असतं. शिवाय एक घरगुती प्रश्न: डीएसआरएमचा पासवर्ड कुणाला माहीत आहे का? भोसरीत तो सर्व्हर रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या, पिवळ्या पडलेल्या कागदावर सापडला होता, शेवटचे दोन अंक पुसलेले. डीसी चालू असताना एनटीडीएसयूटिलमधून तो बदलता येतो. आजच बदलून ठेवा.

आता प्रत्यक्ष काम. बॅकअप विंडोज सर्व्हर बॅकअपचा असेल तर त्यात व्हीएचडीएक्स फाइल असते. ती दुसऱ्या सर्व्हरला रीड-ओन्ली जोडली की ड्राइव्हसारखी उघडते. त्यातला विंडोजखालचा एनटीडीएस फोल्डर लॉग फाइलींसकट कॉपी करा. जिथे डिरेक्टरीची टूल्स आहेत अशा सर्व्हरवर डीएसएमेन (डेटाबेसची प्रत वाचण्यासाठी उभी करणारं टूल) त्या एनटीडीएस डॉट डिट फाइलवर चालवा आणि पोर्ट द्या, समजा 51389. त्याच्या पुढचे तीन पोर्टही मोकळे असू द्या. 'डेटाबेस नीट बंद झालेला नाही' असा एरर आला तर घाबरू नका, एसेंटयूटिलने लॉगवरून रिकव्हरी करा. मात्र कॉपीवर. मूळ बॅकअपला स्पर्शही करायचा नाही. चालू झालं की ती खिडकी उघडीच ठेवायची. त्या पोर्टवर रविवारची डिरेक्टरी जिवंत आहे, आणि फक्त वाचण्यापुरती, म्हणून तिथे काही बिघडवताही येत नाही.

पहिल्यांदा एलडीपी (डिरेक्टरी बघायचं टूल) उघडा, त्या पोर्टला जोडा आणि एकच ओळखीचा यूजर बघा. 'मेंबर ऑफ'मध्ये त्याचे ग्रुप दिसले की निम्मी लढाई जिंकली. मग एलडीआयएफडीई या कमांडने त्याच पोर्टवरून सगळे ग्रुप आणि त्यांचं 'मेंबर' एवढंच एक्सपोर्ट करा. पॉवरशेलच्या एडी कमांड इथे रुसतात, कारण त्या एलडीएपीने (डिरेक्टरीच्या नेहमीच्या भाषेने) बोलत नाहीत, त्यांना एडी वेब सर्व्हिसेस लागते. ती त्या मशीनवर चालू नसेल तर कनेक्शनच होत नाही, आणि लोक उगाच फायरवॉलला शिव्या घालतात.

आलेल्या फाइलमधून तुमच्या ओयूमधल्या 86 जणांच्याच ओळी ठेवा आणि प्रत्येक ग्रुपसाठी 'मॉडिफाय' आणि 'अ‍ॅड मेंबर' असा बदल तयार करा. तुम्ही ओयू त्याच नावाने आणि त्याच जागी बनवल्यामुळे यूजरचे पूर्ण पत्ते जुळतील. नसतील तर आधी यूजर योग्य ओयूत हलवा. कुणाचं नाव देवनागरीत टाकलेलं असेल तर त्या ओळीत 'मेंबर'पुढे दोन कोलन आणि अगम्य अक्षरांची माळ दिसेल. ते बेस64 आहे, बिघाड नाही, तसंच राहू द्या. फाइल इम्पोर्ट करताना 'के' स्विच द्या, म्हणजे आधीच असलेल्या नोंदीवर काम थांबणार नाही. आधी एकाच यूजरची फाइल करून चालवा.

एक फसवं दृश्य सांगून ठेवतो. उठवलेल्या यूजरच्या 'मेंबर ऑफ'मध्ये 'डोमेन यूजर्स' आधीपासूनच दिसत असेल आणि वाटेल की मेंबरशिप थोडी तरी आलीय. तसं नाही. प्रायमरी ग्रुप ही लिंक नसतेच, यूजरवर लिहिलेला नुसता नंबर असतो. तो आला म्हणजे बाकीचे येतील असं काही नाही.

आता तुमच्या 'फोल्डर उघडत नाहीत'कडे पुन्हा बघा, कारण मला वाटतं तिथे दोन दुखणी एकत्र आहेत. ओयू तुम्ही नवा बनवला. जुन्या ओयूला जोडलेल्या ग्रुप पॉलिसी नव्याला आपोआप जोडल्या जात नाहीत. ड्राइव्ह मॅपिंग पॉलिसीने होत असेल, तर ग्रुप भरले तरी लोकांना 'के ड्राइव्ह' दिसणार नाही. पॉलिसीच्या या जोडणीला 'जीपीलिंक' म्हणतात, पण नावात लिंक असूनही ती वर सांगितलेल्या अर्थाने लिंक नाही. ओयूवरचा साधा मजकूर आहे. रविवारच्या प्रतीत जुन्या ओयूवरून तो वाचा आणि पॉलिसी मॅनेजमेंटमधून तशाच क्रमाने जोडा. पॉलिसी स्वतः डिलीट झालेल्या नाहीत, म्हणून सिसव्हॉलला (पॉलिसीच्या फाइली असलेल्या फोल्डरला) हात लावायची गरज नाही.

कॉम्प्युटर खात्यांबाबत तुमचा कल 'सरळ डोमेनला पुन्हा जोडू' असा दिसतो, आणि टूमस्टोनमधून उठवलेल्या कॉम्प्युटरचं सिक्युअर चॅनल (डोमेनशी असलेलं विश्वासाचं नातं) तसंही तुटलेलं असतं, म्हणून तो कल चुकीचा नाही. पण त्या लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कचं एन्क्रिप्शन) आहे का आणि त्याच्या रिकव्हरी की डिरेक्टरीत ठेवता का? ठेवत असाल तर त्या की कॉम्प्युटर ऑब्जेक्टच्या पोटात, लेकरासारख्या असतात. कॉम्प्युटरबरोबर त्याही गेल्या. रविवारची प्रत चालू असतानाच त्या सगळ्या वाचून सुरक्षित जागी ठेवा, मग पुन्हा जोडाजोडी करा. उद्या एखादा लॅपटॉप 48 अंकी की मागत उभा राहिला आणि ती कुठेच नसली, तर शेअर्ड फोल्डरचं दुःख हलकं वाटेल.

किती दिवसांत हे करायला हवं, ते तुमच्या फॉरेस्टच्या जन्मावर अवलंबून आहे. 2003 सर्व्हिस पॅक 1 किंवा त्यापुढच्या सर्व्हरवर सुरू झालेल्या फॉरेस्टमध्ये टूमस्टोनचं आयुष्य सहसा 180 दिवस असतं. त्याआधी जन्मलेलं फॉरेस्ट अपग्रेड करत 2016 पर्यंत आणलं असेल तर तो आकडा बहुधा रिकामा असेल, आणि रिकामा म्हणजे 60 दिवस. यापेक्षा जुना बॅकअप डीसीवर रिस्टोअर करायला चालत नाही. तुमचा रविवारचा आहे, तेव्हा चिंता नाही.

क्लाउडशी सिंक आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर सर्वात आधी सिंक थांबवा. डिफॉल्टने ते दर 30 मिनिटांनी चालतं, आणि अपघाती डिलीशन अडवणारी मर्यादा 500 ऑब्जेक्टची असते, म्हणजे तुमचे 86 जण तिला न टोचता पार झाले असणार. क्लाउडमधली खाती 30 दिवस परत मिळू शकतात. इकडचे यूजर तेच जीयूआयडी घेऊन उठले असल्यामुळे जोडणी सहसा जुळते, पण ईमेलसारखी अ‍ॅट्रिब्यूट रिकामी असताना सिंक चालू केलंत तर तो रिकामेपणा क्लाउडमध्ये जाईल. म्हणून डिपार्टमेंट, ईमेल, होम फोल्डर हेही रविवारच्या प्रतीतून याच पद्धतीने भरा, आणि मगच सिंक सुरू करा.

तुमचे दोन्ही डीसी एका ऑफिसात असल्यामुळे एक चांगली संधी तुम्हाला मिळाली नाही, पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहितो. एकाच साइटमध्ये डिलीशन काही सेकंदांत पोचतं. दुसऱ्या गावच्या शाखेत डीसी असेल तर दोन साइटमधलं रेप्लिकेशन डिफॉल्टने 180 मिनिटांनी होतं. चूक लक्षात येताच रेपअ‍ॅडमिनने त्या शाखेच्या डीसीचं इनबाउंड रेप्लिकेशन बंद करता आलं, तर तिथे अख्खा ओयू लिंकसकट जिवंत सापडतो आणि बॅकअपची गरजच उरत नाही. फोन करून शाखेतल्या माणसाला नेटवर्कची केबल ओढायला लावणं, हाही मान्य उपाय आहे. मी लावलंय.

तर तुमचा क्रम: सिंक असेल तर थांबवणं, रविवारची प्रत डीएसएमेनवर उभी करणं, बिटलॉकरच्या की वाचून ठेवणं, एका यूजरवर चाचणी, मग सगळ्यांची मेंबरशिप आणि बाकीची अ‍ॅट्रिब्यूट, ओयूच्या पॉलिसी जोडणं, कॉम्प्युटर डोमेनला पुन्हा जोडणं. हे संपल्यावर, आणि टूमस्टोनमधून आणखी काही हवं नाही याची खात्री झाल्यावर, रीसायकल बिन चालू करा आणि सगळ्या ओयूंवर 'अपघाती डिलीशनपासून संरक्षण'ची खूण लावा. नवा ओयू तुम्ही स्क्रिप्टने बनवला असेल तर ती खूण तिथे आहे ना, ते बघून घ्या.

ग्रुप भरल्यावर लोकांना एकदा लॉगऑफ करून पुन्हा लॉगिन करायला सांगा. नुसतं स्क्रीन लॉक करून उघडणं पुरत नाही, जुन्या टोकनमध्ये नवे ग्रुप येत नाहीत. एलडीएफ फाइल चालताना अडली तर तिच्या पहिल्या वीस ओळी, नावं झाकून, इथे टाका. बहुतेक वेळा दोन नोंदींमधली रिकामी ओळ किंवा बदलाच्या शेवटचं एकटं डॅश राहिलेलं असतं.